यादीत नसलेला सलाम

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या दालमिलला दोन शेड होत्या; जिला नवी म्हणायचे तीही पंचवीस वर्षांची. जुन्या शेडमध्ये तूर साफ व्हायची, तिला तेलपाणी लागायचं, रोलवर घासून तिची सालं सुटायची. मग ती पट्ट्यावर चढायची आणि मधल्या रस्त्याच्या डोक्यावरून नव्या शेडमध्ये जायची. तिथे वाळून, फुटून, निवडून ती डाळ म्हणून पोत्यात पडायची. दोन्ही शेडमध्ये यंत्रं चालवायला एकेक कंट्रोलर होता. कंट्रोलर म्हणजे लोखंडी कपाटात बसवलेला डब्याएवढा संगणक; कुठली मोटर कधी चालू आणि कधी बंद, हे तो ठरवतो. एक दहा वर्षांपूर्वीचा, दुसरा अलीकडचा, दोन वेगळ्या कंपन्यांचे. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यांच्यामध्ये तार टाकून त्यांना बोलतं करायचं, एवढं माझं काम होतं.

मी अमरावतीत राहते आणि हेच काम करते. पॉलिटेक्निकमध्ये शिकले, तीन वर्षं पुण्याच्या एका कंपनीत काढली, मग परत आले. नांदगाव खंडेश्वरला आमच्या घरी गेले की कोणीतरी विचारतंच, काय करतं तू? मी सांगते, कारखान्यातल्या मशीनच्या तारा जोडते. लगेच पुढचा प्रश्न येतो, आमचा कूलर आवाज करून राहिला, पाहतं का? मी पाहते. बहुतेक वेळा पंख्याचं पातं जाळीला घासत असतं, आणि ते सरळ केलं की घरात माझी किंमत थोडी वाढते.

पहिल्या दिवशी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून मी मिलमध्ये पोचले. शेठनं मला स्वतः फिरवून दाखवलं. पन्नाशीचा, भराभर चालणारा, बोलता बोलता पोत्यांवर थाप मारत जाणारा माणूस. दोन शेडच्या मधल्या रस्त्यात एक सिमेंटचा उंच ओटा होता, वर टिनाचं छप्पर. त्याच्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, अंगात बंडी, गळ्यात चौकड्याचा रुमाल. पट्ट्याखालून ट्रक जात होते, दोन्हीकडून यंत्रांचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आणि हे गृहस्थ दोन्ही हातांनी हवेत काहीतरी करत होते.

"हे चाचा," शेठ माझ्या कानाशी ओरडून म्हणाला. "नव्या शेडची कोठी भरली का ते यायले दिसते. मंग हे जुन्या शेडवाल्याले हातानं सांगतात, थांबव. चोवीस वर्षं झाली."

जुन्या शेडचा ऑपरेटर दारातल्या खुर्चीवर बसून चाचांकडे नजर ठेवायचा. नव्या शेडचा ऑपरेटर खिडकीतून. दोघांना एकमेकांची शेड दिसत नव्हती. चाचा दोघांना दिसायचे. यंत्रांच्या भाषेत सांगायचं तर जोडणी आधीपासूनच होती. फक्त ती बंडी घालून ओट्यावर बसत होती.

शेठच्या खोलीत पंख्याखाली आल्यावर त्यानं उरलेलं सांगितलं. "तार चालली का चाचाची जागा रिकामी. मले तेवढंच पाहिजे. अजून त्यायले सांगतलं नाई, तुमी बी बोलू नका. अन् काय काय इशारे हायेत ते त्यायलेच पुसा, दुसऱ्या कोणाले पुरे मालूम नाई."

मी वहीत लिहून घेतलं: इशारे चाचांकडून. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. वाटलं होतं. माणसाची जागा काढायची, आणि ती कशी काढायची हे त्यालाच विचारायचं. तरी मी काम घेतलं. मी घेतलं नसतं तर नागपूरहून कोणी आलं असतं, अशी समजूत मी स्वतःची घातली. ती खरीही होती.

पुढचे तीन दिवस मी ओट्यावर बसून काढले. रोजे चालू होते. चाचा पाण्याचा थेंब घेत नव्हते आणि मला मात्र दुपारी एक वाजला की आग्रह करायचे, डबा खा म्हणून. मी पाठ करून खायला लागले तर म्हणाले, "इकडे तोंड करून खा, बेटा. भूक माही हाय, तुह्या डब्याची काय चूक?" पहिल्या तासात मी म्याडम होते, दुपारपर्यंत बेटा झाले होते.

त्यांनी मला सगळे इशारे शिकवले. मूठ वर, म्हणजे कोठी भरली, माल थांबव. तळहात गोल फिरवला की चालू कर. दोन बोटं, फक्त दुसरा रोल चालव. गळ्यावरून आडवा हात, पट्टा अडकला. हात हळूहळू खाली, माल कमी सोड. दोन्ही हात डोक्यावर आडवे म्हणजे सगळं बंद, जिथं आहे तिथं. एकेक इशारा करून दाखवायचे, मग माझ्याकडून करवून घ्यायचे, आणि माझा हात ढिला पडला की नाराज व्हायचे. "असा नाई. तिकून पाहणाऱ्याले मूठ दिसाले पाहिजे, भजं नाई."

एकूण अकरा इशारे निघाले. अकरावा म्हणजे दोन बोटांनी स्वतःच्या टोपीला टिचकी; त्याचा अर्थ शेठ येऊन राहिला. तो मी यादीतून वगळला. उरलेल्या दहांचा मी तक्ता केला. प्रत्येक इशाऱ्यासाठी एक जागा, जागेत शून्य किंवा एक. कोठी भरली: एक. जागा आहे: शून्य. चोवीस वर्षं ज्या हातांनी हे सांगितलं, ते सगळं वहीच्या पाऊण पानात मावलं. मावावं असं मला वाटत नव्हतं, पण मावलं.

या तीन दिवसांत चाचा अधूनमधून आणखी एक गोष्ट करत होते. बोलता बोलता थांबून एकदा जुन्या शेडकडे आणि एकदा नव्या शेडकडे पाहून हात कपाळाला लावायचे. तिकडून ऑपरेटरही हात वर करायचे. ती मी पाहिली होती. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, रीतभात जपणारं. सलाम करतं, लोक उत्तर देतात. वहीत काही लिहिलं नाही.

मग तार टाकायचं काम सुरू झालं. एका शेडच्या कपाटापासून दुसऱ्या शेडच्या कपाटापर्यंत साठ-पासष्ट मीटर. मोटरच्या जाड तारांपासून लांब ठेवून, वेगळ्या पाइपातून, पट्ट्याच्या लोखंडी पुलाला बांधत नेली. अशा तारेच्या पोटात आठ रंगीत तारा असतात. दोन्ही टोकांना त्या एकाच क्रमानं बसवून वर टोपण दाबायचं. चाचा ओट्यावरून उतरून पाहायला आले. "आठ कायले? बोलाले तं दोन पुरतात." मी म्हटलं, जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या. त्यांना पटलं. "हं. दोघं एकदम बोलले तं कोणाचं आयकू येईन?"

त्यांचा हा प्रश्न मला लगेच पुन्हा भेटला. तार जोडली आणि कोणाचंच कोणाला ऐकू येईना. दोन तास मी टोपणं कापून नवी बसवली, तार तपासली, कपाळावरचा घाम लॅपटॉपवर पाडला. तारेत काही नव्हतं. दोन्ही कंट्रोलरचा नंबर एकच होता. जोडणीत प्रत्येकाला स्वतःचा नंबर लागतो, घराला असतो तसा. दोन्ही कंट्रोलर बसवणारे लोक वेगळे, काळ वेगळा, पण दोघांनीही कुठल्यातरी जुन्या कामाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून उचलून इथे टाकला होता आणि नंबर बदलायचे कष्ट घेतले नव्हते. आमच्याकडे बरीच कामं अशीच होतात. मी एकाचा शेवटचा आकडा बदलला आणि क्षणात दोघं बोलायला लागले. पडद्यावर हिरवा ठिपका आला. इतका साधा हिरवा ठिपका पाहून दर वेळी मला आनंद होतो, त्या दिवशीही झाला. वर पाहिलं तर ओट्यावर चाचा मूठ वर करून उभे होते, आणि कोठीतल्या सेन्सरकडून माझ्या पडद्यावर "कोठी भरली" उमटलं होतं. चाचांनी आणि तारेनं एकाच वेळी सांगितलं होतं.

शेठनं ठरवलं, आठवडाभर चाचणी. चाचांनी ओट्यावर बसायचं, पण हात खाली ठेवायचे. "तारेले करू द्या काम, तुमी नुसते पाहा." चाचा बसले. मांडीवर हात ठेवून बसलेले चाचा मला पाहवेनात, म्हणून मी पाठ करून कपाटातल्या तारांना नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत राहिले. तीन दिवस सगळं नीट चाललं. ऑपरेटरही सरावले. जुन्या शेडवाल्यानं खुर्ची दारातून उचलून कपाटावरच्या पडद्यासमोर ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी नव्या शेडच्या मागे हात धुवत होते. मार्च संपत आला होता आणि अकोल्यात त्या दिवसांत दुपारी लोखंडाला हात लावताना विचार करावा लागतो. अचानक पावसासारखा आवाज आला. धावत पुढे रस्त्यावर आले तर तो तुरीचा होता. पट्ट्याच्या पुलावरून तूर खाली रस्त्यावर कोसळत होती. नव्या शेडची कोठी तुडुंब भरलेली, पट्टा माल आणतच होता, पुलाच्या बाजूचा पत्रा फुगून सुटला होता. मी ओट्याकडे पाहिलं. चाचा उभे होते, दोन्ही हात डोक्यावर आडवे. सगळं बंद. पण जुन्या शेडचा ऑपरेटर आता चाचांकडे पाहत नव्हता. तो पडद्याकडे पाहत होता, आणि पडदा सांगत होता, जागा आहे.

चाचा ओट्यावरून उतरले. सत्तरीच्या माणसानं, तेही दिवसभर उपाशी, पळू नये तसे पळाले. जुन्या शेडमध्ये शिरून त्यांनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. फुगलेल्या पत्र्याचा एक तुकडा त्यानंतर खाली आला आणि तुरीच्या ढिगात रुतून बसला. त्याच जागी रोज सांडलेला माल झाडणाऱ्या तीन बाया असतात. त्या पाच मिनिटांपूर्वी जेवायला उठल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीचा झाडू त्या पत्र्याखाली सापडला.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नव्या शेडच्या ऑपरेटरला उकडत होतं. त्यानं घरून छोटा कूलर आणला होता आणि त्याची पिन लावायला भिंतीतली एक पिन काढली होती. तार ज्या छोट्या डब्यातून पुढे जात होती, त्या डब्याची ती पिन होती. डबा बंद, जोडणी बंद. तो बिचारा थिजून उभा होता. "म्याडम, मले वाटलं मोबाइल चार्जरची हाय." चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि ती कुठे होती हे मला तूर कोसळताना पाहूनच कळलं होतं.

कंट्रोलरचं असं असतं. पलीकडून निरोप येणं थांबलं, तर अलीकडचा शेवटचा आलेला निरोप खरा धरून बसतो. शेवटचा निरोप होता, जागा आहे. मग जागा आहे, आहे, आहे, असं तो धरून चालला. म्हणून दोघांमध्ये एक जादा निरोप ठेवतात, ज्यात काहीच माहिती नसते. मी आहे, एवढंच. तो ठरलेल्या वेळात आला नाही, तर पलीकडे काय झालं हे न विचारता थांबायचं. एकाच कंपनीचे दोन कंट्रोलर असले की हे आपोआप होतं. माझी आधीची कामं सगळी तशी होती. इथे ते मला हातानं लिहायचं होतं. मला ते माहीत होतं. पण माझ्या हातात दहा ओळींची यादी होती, आणि यादी पुरी झाली की माणसाला काम पुरं झाल्यासारखं वाटतं.

शेठनं ढिगातून मूठभर तूर उचलली आणि परत टाकली. मग म्हणाला, "तार भरवशाची होत नाई तोवर चाचा राहतीन. हात वर." आणि निघून गेला.

मी ओट्यावर जाऊन बसले. चाचांना अजून धाप लागत होती. त्या झाडूकडे माझी नजर जात होती. मी म्हटलं, "चाचा, माह्यावालं चुकलं."

"पयले दम तं घे," ते म्हणाले. दम त्यांनाच लागला होता.

थोड्या वेळानं त्यांनी जुन्या शेडकडे पाहून हात कपाळाला लावला. ऑपरेटर, जो पुन्हा दारात येऊन बसला होता, त्यानं हात वर केला. मग नव्या शेडकडे. तिकडूनही हात आला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"काय?"

"हा सलाम. हा तुमी काहून करता?"

त्यांना प्रश्नच कळेना. "सलाम हाय, बेटा. ते काम थोडीच हाय." मग मी पाहतच राहिले म्हणून त्यांनी सांगितलं. "घडीघडीले करतो मी. दोघायनं हात उचलला तं समजाचं, गडी जागी हाय, डुलकी नाई लागली, मले पाहून राहिला. एखाद्यानं नाई उचलला तं मी मनात एक-दोन-तीन म्हणतो. तरी नाई उचलला तं पयले सगळं बंद करतो अन् मंग उतरतो. जाऊन पाहतो, का झालं. फोनवर अशीन, चक्कर आली अशीन, का उगाच रुसला अशीन. इथून थोडीच समजते? जाऊनच पाहा लागते."

मी वही उघडली नाही.

"हे मले काहून नाई सांगतलं?"

"तू काम पुसलं. हे सांगाचं अशीन हे माह्या ध्यानातच नाई आलं."

समोर माणसं ढीग पोत्यांत भरत होती. मग त्यांनी विचारलं, "हे बी तारेत टाकता येते?"

"येते."

"किती दिस लागतीन?"

"दहा मिनिटं."

ते हसले, पण ते हसू दाढीच्या वर आलं नाही. "शेठनं तुले सांगतलं अशीन. तार चालली का मी घरी."

"सांगतलं." खोटं बोलायची माझी तयारी होती, पण तोंडातून ते निघालं नाही.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं. पोरीच्या जातीले दोन शेडच्या मधात कोण वही घेऊन बसवते?" मग म्हणाले, "मले घरी बसाले नाई आवडत, बेटा. घरी माह्याकडे कोणी पाहत नाई. इथं दोघं तं पाहतात."

मी म्हटलं, "मंग नाई टाकत. शेठले सांगतो, दोन कंपन्यायचं जमत नाई." हे मी मनापासून म्हटलं होतं, आणि ते शेठला पटलंही असतं. त्याला तारेतलं काही कळत नव्हतं. चाचा ओट्यावर राहिले असते, तार शोभेला लटकली असती, आणि मी बडनेऱ्याच्या गाडीत बसून स्वतःला चांगली मुलगी म्हणवून घेतलं असतं.

चाचांनी पत्र्याकडे बोट केलं. "त्या बाया तेथीच झाडतात. मी उद्या बिमार पडलो तं शेठ तारेवरच चालू करीन. तवा? टाकून दे."

मी त्या दिवशी टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं. दहा मिनिटांच्या जागी पंचवीस लागली, कारण हात चालत नव्हता. एका बाजूनं दर सेकंदाला एक आकडा वाढवून पाठवायचा, दुसऱ्या बाजूनं तोच परत करायचा. तीन सेकंद उत्तर आलं नाही तर पट्टा बंद. तीनच का, असं शेठनं विचारलं. पुण्याच्या कामांत मी नेहमी पाच पाहिले होते. मी म्हटलं, इथं तीन चालतात. मग मी त्याच्यासमोर स्वतःच्या हातानं कूलरवाली पिन उपटून दाखवली. मनात मोजलं. पट्टा थांबला. डब्याची पिन कापून त्याची वायर मी सरळ भिंतीतल्या विजेच्या तारेत जोडून टाकली, कोणाला काढताच येऊ नये अशी. शेठ खूश झाला. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "आता तं झालं ना मंग?" मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी शेवटची गेले ते कागदावर सही घ्यायला. चाचा तो महिना संपेपर्यंतच होते, हे ऑपरेटरकडून कळलं. ओट्यापाशी जायची मला हिंमत झाली नाही. काय बोलणार होते? मी नव्या शेडच्या मागून गेटकडे निघाले. गेटपाशी सहज वळून पाहिलं तर ओट्यावरून चाचा माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी हात कपाळाला लावला. माझ्या एका हातात लॅपटॉपची बॅग होती आणि दुसऱ्यात तारेचं उरलेलं वेटोळं. बॅग खाली ठेवता आली असती. मी मान हलवल्यासारखं केलं, इतक्या लांबून ती दिसली नसणार, आणि रिक्षात बसले.

नंतर मी दुसरी कामं केली. धामणगावात कापसाची एक जिनिंग, अमरावतीत दूध थंड करायची यंत्रं. प्रत्येक ठिकाणी तो जादा निरोप मी सगळ्यात आधी लिहिते आणि प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद ठेवते. कोणी विचारलं तर सवय सांगते. त्या मिलमध्ये तार अजून नीट चालते, असं ऐकते. पट्टा वर्षातून चार-दोनदा थांबतो, ऑपरेटर कुरकुरतो आणि चालत जाऊन पाहून येतो.

आठ महिन्यांनी एका तेलाच्या कारखान्याच्या कामासाठी अकोल्याला गेले. स्टेशनवरून रिक्षा केली. जुन्या शहराच्या बाजूला एक ट्रॅक्टर आडवा आला आणि सगळं तुंबलं. रस्त्याच्या पलीकडे गाद्या भरण्याचं दुकान होतं, बाहेर गुंडाळलेल्या गाद्यांची चळत, आणि चळतीशेजारी बाकावर चाचा बसलेले. तीच दाढी, तोच चौकड्याचा रुमाल. हात मांडीवर. ते माझ्याकडेच पाहत होते, मधे दहा-बारा हातांचं अंतर असेल.

मी हात कपाळाला लावला.

त्यांनी हात उचलला नाही. नजरही हलवली नाही. मी मनात मोजायला लागले ते मुद्दाम नव्हतं, सवयीनं. एक, दोन, तीन. मी हात तसाच वर धरून बसले. त्यांना दिसलं नसेल. डोळे गेले असतील. ओळखलं नसेल. ओळखून नसेल उचलला. रिक्षातून काहीच कळत नव्हतं. समोरचा ट्रॅक्टर हलला, रिक्षावाल्यानं गिअर टाकला. मी त्याला थांबायला सांगितलं, बॅग सीटवर तशीच ठेवली आणि उतरून रस्ता ओलांडला.

"चाचा, मी. दालमिलवाली."

"मालूम हाय," ते म्हणाले आणि बाकावर सरकून जागा केली. "रिक्षातच वयखलं."

"मंग हात काहून नाई उचलला?"

चाचांनी रुमालानं दाढी पुसली आणि माझ्या बॅग नसलेल्या, रिकाम्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"म्हटलं पाहू," ते म्हणाले, "उतरून येते का."

मी बाकावर बसले. उतरले होते खरी, पण आठ महिन्यांनी.